गुरुत्वीय लहर आरपार गेली, तर पदार्थाला खरंच काही होतं का?

दिगंतर:
14 सप्टेंबर 2015 ला लायगोने पहिली गुरुत्वीय लहर, म्हणजे अवकाशालाच ताणत-आखडत जाणारी लहर, टिपली. (लायगो ही अमेरिकेतली वेधशाळा; काटकोनातल्या दोन लांब भुजांमध्ये टांगलेल्या आरशांमधलं अंतर ती लेसरच्या प्रकाशाने मोजते.) तेव्हापासून ‘ती आपल्याही शरीरातून गेली, आपण ताणले गेलो’ असं सर्रास लिहिलं जातं. मला हे पटत नाही. अवकाशच ताणलं, तर माणूस ताणला, पट्टी ताणली, अणूही ताणले. मग फरक मोजायचा कशाशी? लहर येते, जाते, सगळं पूर्ववत. पदार्थाला काहीही होत नाही, असं माझं ठाम मत आहे.

मृगशीर्ष:
‘पट्टीही तेवढीच ताणते’ हेच चूक आहे. पट्टीतले अणू विद्युतचुंबकीय बलाने एकमेकांना धरून असतात आणि ते बंध लहरीला दाद देत नाहीत. सुट्या वस्तू मात्र सरकतात. 1957 साली अमेरिकेत चॅपेल हिलच्या परिषदेत भौतिकशास्त्रज्ञ फाइनमन यांनी हेच मांडलं होतं. एका दांड्यावर दोन मणी सैलसर ओवा. लहर आली की मणी मागेपुढे होतील, दांडा जवळपास आहे तसाच राहील. दोघांत जराही घर्षण असेल तर दांडा तापेल. ही उष्णता लहरीतूनच आली ना? मग पूर्ववत कसलं?

दिगंतर:
मण्यांचं मान्य. पण लायगोत पट्टी म्हणजे प्रकाश. तोही ताणला जाणारच की!

सातमाळा:
आत असलेला प्रकाश ताणला जातो, पण तो तिथे टिकतो किती? 4 किमीच्या भुजेत एक जा-ये व्हायला जेमतेम 27 मायक्रोसेकंद लागतात. लहरीचं एक आवर्तन काही मिलीसेकंदांचं. लेसरमधून सतत नवा, न ताणलेला प्रकाश येत राहतो आणि त्याला अंतर बदललेलं सापडतं. आरसे 40 किलोचे, काचेच्या 0.4 मिमी जाडीच्या तंतूंवर टांगलेले. भुजेच्या दिशेने ते फाइनमनच्या मण्यांइतकेच मोकळे असतात.

अनुराधा_पी:
तत्त्व बरोबर आहे, पण मी दिगंतर यांच्या बाजूने. आकडे बघा. 2015 च्या त्या घटनेत दोन कृष्णविवरं एकमेकांत विलीन झाली आणि सूर्याच्या तिप्पट वस्तुमानाएवढी ऊर्जा लहरींत बाहेर पडली, तरी इथे 4 किमीत फरक पडला तो प्रोटॉनच्या व्यासाच्या काही शतांश भागाहूनही कमी. ती कृष्णविवरं सूर्याइतक्या अंतरावर असती तरी, मी ढोबळ हिशेब केला, माणसाची उंची मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाने बदलली असती. भौतिकशास्त्रज्ञ वेबर यांनी 1960 च्या दशकात लहरी टिपायला अॅल्युमिनियमचे अजस्र दंडगोल लावले, 1969 मध्ये लहरी सापडल्याचा दावाही केला; इतरांना तो पडताळता आला नाही. पदार्थ या लहरींना जवळपास पारदर्शकच आहे. मुलांना ‘आपण ताणले गेलो’ सांगणं ही दिशाभूल आहे.

मृगशीर्ष:
लहर झेलणाऱ्याकडेच का बघता? सोडणाऱ्याकडे बघा! हल्स आणि टेलर यांना 1974 मध्ये सापडलेली न्यूट्रॉन ताऱ्यांची (कोसळून अतिघन झालेल्या ताऱ्यांची) जोडी पावणेआठ तासांत एक फेरी पूर्ण करते आणि हा काळ दरवर्षी सुमारे 76 मायक्रोसेकंदांनी घटतो. सूर्याहून जड असे दोन तारे लहरींत ऊर्जा गमावून एकमेकांकडे सरकताहेत. हा पदार्थावरचा परिणाम नाही?

दिगंतर:
उगमापाशी परिणाम होतो, हे मान्य. दांडा तापतो, तेही मान्य. पण लहर गेल्यावर सुटे आरसे नेमके जुन्या अंतरावर परतत नाहीत, किंचित फरक कायमचा राहतो, असंही सिद्धांत सांगतो. ते अजून थेट दिसलेलं नाही. दिसेपर्यंत सुट्या वस्तूंपुरतं माझं ‘पूर्ववत’ मी सोडत नाही.