घर तारण ठेवून कर्ज घ्यायचंय, अर्जाआधी काय काय बघून ठेवू? (मदत हवी आहे)

नमस्कार मंडळी,

राहतं घर तारण ठेवून कर्ज काढायचा विचार आहे. अजून कुठेही अर्ज केलेला नाही आणि अर्धवट तयारीने करायचाही नाही, म्हणून हा धागा.

घर माझ्या आणि ताईच्या नावावर आहे, वडिलांकडून आलेलं. त्यावर सध्या कसलाही बोजा नाही. ताई दुसऱ्या गावी असते. माझा छोटा व्यवसाय आहे. एखाद्या महिन्यात हातात भरपूर, नंतरचे दोन कोरडे. क्रेडिट कार्डाची थकबाकी आणि एक वैयक्तिक कर्ज, या दोन्हींच्या हप्त्यांनी जीव मेटाकुटीला आलाय. ते फेडून कमी व्याजाचा एकच हप्ता करावा असं डोक्यात आहे. जमलं तर थोडी रक्कम वर घेऊन धंद्यासाठी नवं मशीन.

आता प्रश्न. उत्पन्न असं वरखाली असेल तर बँक नेमकं काय बघते? कर्ज मी एकटा घेणार, तरी ताईची सही लागेल का? दोन-तीन ठिकाणी एकदमच अर्ज टाकून जिथे चांगला दर मिळेल तिथे घ्यावं, हे बरोबर का? आणि मुदत किती ठेवावी? मी १५ वर्षं धरतोय, हप्ता हलका पडेल म्हणून.

एजंटचे नंबर कृपया देऊ नका, ते आधीच पुरेसे आलेत.

जुना_कारकून:
कर्जविभागात नोकरी झाली आहे, त्यामुळे टेबलाच्या पलीकडून सांगतो. तारण कितीही भक्कम असो, पहिला प्रश्न 'हा माणूस हप्ता कशातून भरणार' हाच असतो. घर विकून पैसे वसूल करणं कुणालाच नको असतं, त्यात वर्षं जातात. व्यवसाय असेल तर मागच्या काही वर्षांची प्राप्तिकर विवरणपत्रं मागतात आणि सरासरी काढतात. एखादं वर्ष फार चांगलं गेलं असेल तर त्यावर भिस्त ठेवू नका. खात्याचे उतारे तुमच्या अंदाजापेक्षा जास्त बारकाईने वाचले जातात. अर्जाच्या तोंडावर अचानक मोठी रोख रक्कम जमा झालेली दिसली की 'ही कुठून आली' हा प्रश्न ठरलेला. धंद्याचे आणि घरचे पैसे एकाच खात्यातून फिरत असतील तर आत्ताच वेगळे करा.

घराची किंमत शेजाऱ्याने किती सांगितली ते विसरा. बँकेचा मूल्यांकनकार येतो आणि तो हात राखूनच आकडा लावतो. मंजूर नकाशाबाहेरचं बांधकाम असेल तर ते सहसा धरतच नाहीत. त्या आकड्याच्याही काही टक्केच कर्ज मिळतं. आणि कर्ज नामंजूर झालं तरी मूल्यांकनाची आणि कागद तपासणीची फी बहुधा परत मिळत नाही, ते आधी विचारून घ्या.

गणिताची_वही:
दोन-तीन ठिकाणी एकदम अर्ज नको. प्रत्येक अर्जागणिक कर्जदाता तुमचा पतअहवाल (तुमची कर्जं आणि त्यांची फेड यांची नोंद) मागवतो, तशी नोंद राहते, आणि थोड्या दिवसांत अशा बऱ्याच नोंदी दिसल्या की त्यातले पतीचे गुण (क्रेडिट स्कोअर) उतरू शकतात. दर नुसते विचारायला काहीच हरकत नाही, सही करून अर्ज देणं वेगळं. स्वतःचा अहवाल स्वतः काढून बघितल्याने मात्र गुण कमी होत नाहीत. तो आधी काढा. फेडून संपलेलं कर्ज अजून चालू दाखवलेलं असतं, अशा चुका सर्रास सापडतात आणि दुरुस्तीला वेळ लागतो.

मुदतीबद्दल जरा सविस्तर, कारण सगळी मेख तिथेच आहे. तुमचं कार्ड महिन्याला ३ टक्के लावतं असं धरू, म्हणजे चक्रवाढीने वर्षाला ४२ टक्क्यांच्या वर. त्यावर १ लाख थकलेत आणि नवा खर्च न करता ते २ वर्षांत फेडले, तर हप्ता साधारण ५,९०५ आणि एकूण भरणा १,४१,७००.

तेच १ लाख घरावरच्या कर्जात १० टक्क्यांनी १५ वर्षांसाठी टाकले तर हप्ता १,०७५. हायसं वाटेल! पण एकूण भरणा १,९३,४००. दर चौथाईवर आला तरी खिशातून जास्तच गेले. पहिल्या ५ वर्षांत तुम्ही सुमारे ६४,५०० भरता आणि मुद्दल उतरतं जेमतेम १८,७००.

उलट, १० टक्क्यांच्या कर्जावर तोच ५,९०५ चा हप्ता चालू ठेवला तर १९ महिन्यांच्या आत मोकळे, एकूण १,०८,००० च्या आसपास. म्हणून कार्डाचा भाग आणि मशीनचा भाग वेगळे धरा, एकाच लांब मुदतीत कोंबू नका. मुदतीआधी रक्कम भरल्यास दंड आहे का, हे दराच्याही आधी विचारा.

कुणी ६ टक्के 'फ्लॅट' म्हणत आलं तर भुलू नका. त्यात शेवटपर्यंत पूर्ण मुद्दलावर व्याज लागतं. १० वर्षांना ते घटत्या शिलकीच्या (म्हणजे फक्त उरलेल्या मुद्दलावर व्याज) १० टक्क्यांहून थोडं महागच पडतं.

स्पष्टच_बोलते:
मला मूळ बेतच पटलेला नाही. कार्डाचं देणं थकलं तर फोन येतील, नोटिसा येतील, पत खराब होईल, प्रकरण कोर्टातही जाईल. पण त्या देण्याला तुमचं घर बांधलेलं नाही. आज तुम्ही ते स्वतःच्या हाताने बांधताय. आणि कार्ड रिकामं झालं की ते परत भरायला लागतं, हे मी जवळच्या नात्यात बघितलंय: वर्षाभरात कार्डही थकलेलं आणि घरही गहाण. घ्यायचंच असेल तर कार्ड फेडल्या दिवशी बंद करा, निदान मर्यादा तरी अगदी खाली आणा.

ताईच्या सहीशिवाय अख्खं घर तारण ठेवता येणार नाही. कर्जदाते बहुतेक वेळा सगळ्या मालकांना सहकर्जदार करून घेतात. म्हणजे तुमचा हप्ता चुकला तर ताईचीही पत बिघडते. तुमचा हप्ता बिनचूक गेला तरी हे कर्ज त्यांच्या अहवालात दिसणार, त्यामुळे उद्या त्यांना स्वतःसाठी कर्ज हवं असेल तर ते कमी मिळेल. हे त्यांना फोनवर दोन वाक्यांत सांगू नका. समोर बसून, आकडे दाखवून सांगा.

धागाकर्ता:
सर्वांचे आभार. गणिताची_वही, तुमचे आकडे बायकोने दोनदा पडताळले, बरोबर आहेत. :) १५ वर्षं रद्द. मशीनही यातून वगळतोय, त्यासाठी मशीनवरच कर्ज मिळतं का ते बघतो.

ताईला धागा पाठवला. तिचा प्रश्न: सहकर्जदार न होता फक्त तारणाला संमती देता येईल का? आणि घराचे मूळ कागद बँकेकडेच राहणार का?

जुना_कारकून:
काही ठिकाणी चालतं. त्या कर्जदार नसतील, पण त्यांचा हिस्सा तारणात असेल. थकलं तर त्या हिश्श्यावरही टाच येणार, त्यातून सुटका नाही. हमीदार म्हणूनही सही मागितली तर मात्र जबाबदारी हिश्श्यापुरती राहत नाही. कागद सही करण्याआधी घरी आणून वकिलाला दाखवायचा हक्क त्यांना आहे, तो वापरू द्या.

मूळ कागद कर्ज फिटेपर्यंत बहुधा कर्जदात्याकडेच. देताना प्रत्येक कागदाचं नाव आणि पानं लिहिलेली पोच घ्या, नुसतं 'कागदपत्रांचा संच मिळाला' असं लिहिलेली चालणार नाही. कर्ज फिटलं की कागद परत, ना-देय पत्र (काही देणं उरलं नाही असं कर्जदात्याचं पत्र) आणि नोंदीवरचा बोजा उतरवणं, तिन्ही लागतात. तिसरं बरेच लोक विसरतात आणि घर विकायच्या वेळी अडकतात.

एक राहिलं: वडिलांच्या नावावरून तुमच्या दोघांच्या नावावर रीतसर नोंद झाली आहे का? 'आलेलं' एवढंच लिहिलंत म्हणून विचारतो. नसेल तर अर्ज बाजूला ठेवा, आधी ते.

धागाकर्ता:
झाली आहे, पण ताईचं नाव एका कागदावर माहेरचं आणि एकावर सासरचं आहे. चालेल?

जुना_कारकून:
अडवतील. दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याचं प्रतिज्ञापत्र आणि लग्नाचा दाखला आधीच तयार ठेवा.