जिमलेटसाठी घरचं लाइम कॉर्डियल: सरबताचा पाक चालेल का?

पाचपाखाडीकर:
मंडळी, पुढच्या शनिवारी कॉलेजची गँग घरी येतेय, जिमलेट, म्हणजे जिन आणि लाइम कॉर्डियलचं कॉकटेल, करायचा बेत आहे. दुकानातून कॉर्डियलची (लिंबाच्या गोड-आंबट पाकाची) बाटली आणली, पण नुसती गोड आहे आणि एसेन्सचा वास मारतो. आई दर उन्हाळ्यात लिंबाचा रस आणि साखर बरणीत मुरवून सरबताचा पाक करते. तोच जिनमध्ये घातला तर चालेल, की कॉर्डियल वेगळं असतं? आणि ठाण्यात चांगली लिंबं कुठे बघू? कोपऱ्यावरच्या गाडीवर मिळतात ती अगदी सुकलेली असतात.

बारमागून (कोपरखैरणे):
प्यायला छान लागेल, पण जिमलेट होणार नाही. आईंच्या पाकात रस आहे, साल नाही, आणि कॉर्डियलचा जीव सालीत असतो. लिंबाच्या सालीवर बारीक ठिपके दिसतात ना, त्यात तेल असतं. रसातून आंबटपणा मिळतो, पण जिनच्या तोडीस तोड उभा राहतो तो या तेलाचा वास. मी बेलापूरला बारवर काम करतो. बाटलीतलं कॉर्डियल घालून केलेलं आणि घरचं घालून केलेलं जिमलेट शेजारी शेजारी ठेवलं, तर गिऱ्हाईक नुसत्या वासावर ओळखतं.

२५० मिली रस लागेल, म्हणजे साधारण पंधरा-सोळा मध्यम लिंबं. धुऊन पुसून कोरडी करा. किसणीच्या बारीक बाजूवर फक्त वरची हिरवी-पिवळी साल किसा. पांढरं दिसायला लागलं की लिंबू फिरवा, त्या पांढऱ्यातच कडूपणा असतो. हा कीस २५० ग्रॅम साखरेत घालून बोटांनी चांगला चोळा. बघता बघता साखर ओलसर होते, हिरवट रंग धरते आणि वासाने स्वयंपाकघर भरून जातं. साखर तेल ओढून घेते ते असं. झाकून रात्रभर ठेवा. किसलेली लिंबं फ्रिजमध्ये ठेवा, त्यांचा रस दुसऱ्या दिवशी काढायचा.

सकाळी लिंबं हलक्या हाताने पिळा. बिया चिरडू नका, सालीला पीळ देऊ नका. रस साखरेवर ओता आणि विरघळेपर्यंत ढवळत राहा. वेळ लागतो, लागू दे. गॅस पेटवायचा नाही. मग चमचाभर, म्हणजे ५ ग्रॅमच्या आसपास, सायट्रिक अ‍ॅसिड घाला. साखर रसाच्या बरोबरीने आहे, त्यामुळे ते नसेल तर पेय गुळमट लागतं. सुती फडक्यातून गाळून उकळत्या पाण्यातून काढलेल्या कोरड्या काचेच्या बाटलीत भरा. भांडं स्टीलचं किंवा काचेचंच घ्या, अ‍ॅल्युमिनियम नको.

लिंबं आपली कागदीच घ्या, बाहेरून येणाऱ्या मोठ्या बिनबियांच्या लिंबांमागे लागू नका. बाटलीतल्या लाइम कॉर्डियलची सुरुवात स्कॉटलंडची: तिथल्या लीथ बंदरातल्या लॉकलन रोझ यांनी १८६७ मध्ये लिंबाचा रस दारूशिवाय टिकवायच्या पद्धतीचं पेटंट घेतलं, जहाजांवर स्कर्व्हीसाठी (क जीवनसत्त्वाच्या अभावाने होणाऱ्या आजारासाठी) रस लागायचा म्हणून. पुढे त्यांच्या कंपनीचे मळे वेस्ट इंडीजमधल्या डॉमिनिकात होते, आणि वेस्ट इंडीजचं ते लिंबू आपल्या कागदी लिंबाच्याच जातीचं. म्हणजे अस्सल माल आपल्या दारात आहे.

ठाण्यात जांभळी नाक्याला सकाळी लवकर जा. चकचकीत, थोडी हिरवट आणि हातात जड लागतील अशी निवडा. सुकलेल्या सालीत तेल उरत नाही. जास्त करायचं असेल तर वाशीचं एपीएमसी आहेच.

चरईची सुगरण:
दादा, बाकी सगळं पटलं, पण न शिजवता टिकणार कसं? आमच्याकडे पाकाला एक कढ देतात, वर्षभर काही होत नाही. शिवाय घरात मुलं आहेत, त्यांना सोड्यातून दिलं तर चालेल ना?

बारमागून:
ताई, वर्षभर टिकवायचं असेल तर तुमचा कढच बरोबर, सरबताला तो शोभतो. पण रस तापला की ताज्या लिंबाचा वास उडतो आणि शिजल्याचा वास येतो, तो जिनमध्ये लपत नाही. म्हणून थोडं करा आणि लवकर संपवा. फ्रिजमध्ये तीन आठवडे छान राहतं. बुडबुडे दिसले किंवा आंबूस वास आला तर सरळ ओतून द्या. मुलांना जरूर द्या, यात दारूचा थेंब नाही. ग्लासात ३० मिली, वर बर्फ आणि गार सोडा, चिमूटभर काळं मीठ. फडक्यात उरलेला कीस टाकू नका, रव्याच्या केकमध्ये घाला.

पाचपाखाडीकर:
मनापासून आभार! जिनचं प्रमाण काय ठेवू? आणि शनिवारसाठी कधी करायला घेऊ?

बारमागून:
६० मिली जिनला २० ते २५ मिली कॉर्डियल. दुकानातल्या बाटलीच्या अंदाजाने ओतू नका, हे जास्त तेज असतं. शेकरमध्ये भरपूर बर्फ घालून भांडं बाहेरून पांढरं पडेपर्यंत हलवा, गार केलेल्या ग्लासात गाळा. शेकर नसेल तर झाकणाची स्टीलची बाटली चालते. बुधवारी रात्री साल चोळून ठेवा, गुरुवारी सकाळी बाटली भरा. दोन दिवसांत चव बसते. आणि आधी एकट्यासाठी एक करून बघा. फार कडक वाटलं तर कॉर्डियल ५ मिलीने वाढवा, वरून साखर घालू नका.