निंबू-खोबरेलाचं फेस क्लेन्झर, आणि मधेच घुसलेलं जवस

साबणवेडी_धरमपेठ
काल इथं कृती पडली: १०० मिली खोबरेल, दोन निंबूंचा रस, चमचाभर संत्र्याच्या सालीची पूड, बरणी सात दिवस गच्चीवर उन्हात. खाली नुसती वाहवा. गप्प बसवेना म्हणून लिहून राहिली.

रस म्हणजे पाणीच. तेलात मिसळत नाही, तळाशी बसतो, त्यात पूड भिजते. आंबट असलं तरी बुरशीला चालतं. निंबूच्या रसातली फ्युरोकौमरिन नावाची द्रव्यं कातडीवर राहून ऊन लागलं की फोड येतात, मागं काळे चट्टे उरतात, महिनोन् महिने जात नाहीत. नागपूरच्या मे महिन्यात हा प्रयोग? आणि गच्चीवरचं ऊन तेल खवट करतं ते वेगळंच.

बिनपाण्याची कृती घ्या. १०० ग्रॅमला करडीचं रिफाइन्ड तेल ८४.५, एरंडेल ५, पॉलिसॉर्बेट ८० (तेल पाण्यात मिसळवून धुवून काढणारा पदार्थ) १० आणि व्हिटॅमिन ई अर्धा ग्रॅम. सगळं वजनावर, वाटी-चमच्यानं नाही. भांडं खडखडीत कोरडं. गरम करायचं काम नाही, पाच मिनिटं ढवळा, गडद रंगाच्या पंपाच्या बाटलीत भरा. कोरड्या चेहऱ्यावर कोरड्या हातानं लहान चमचाभर, मिनिटभर हलकं चोळा. मग ओले हात फिरवा, दुधाळ झालं की कोमट पाण्यानं धुवा. एरंडेल वाढवू नका, चिकटून बसतं.

घाणीवाला_इतवारी
काहून बाप्पा, रिफाइन्ड? घाणीचं जवस तेल घरात असताना? विदर्भानं पिढ्यान्पिढ्या जवस खाल्लं, ते चेहऱ्याला चालत नाही म्हणता?

साबणवेडी_धरमपेठ
चटणीत बिनधास्त खा. पण त्या तेलात अर्ध्याहून जास्त अल्फा-लिनोलेनिक आम्ल असतं, हवा लागली की सुकून पापुद्रा धरतं. म्हणून तर ते ऑइल पेंटात आणि वार्निशात जातं. जवस तेलाची चिंधी चुरगाळून टाकली तर आपोआप पेटू शकते.

घाणीवाला_इतवारी
घ्या, आता चेहरा पेटणार! चिंध्या पेटतात त्या रंगवाल्याकडच्या उकळलेल्या तेलाच्या. अन् इथं तेल मिनिटभरात धुवून निघते. पापुद्रा धरायला वेळ कुठं आहे?

साबणवेडी_धरमपेठ
कच्च्या तेलाच्याही पेटतात, वेळ जास्त लागतो एवढंच. धुवून निघतं हे मान्य, आनंद झाला का? पण बाटलीतलं निघत नाही ना. न्हाणीघराच्या फळीवर ४५ अंशांत ते किती दिवस टिकेल सांगा बरं. फ्रीजमध्ये ठेवून महिना-दीड महिन्यात संपवणार असाल तर लावा जवस. वार्निशचा वास आला की फेका.

केमिकल_नको_बाई
जवसाचं राहू द्या. पॉलिसॉर्बेट कशाला मधे? आजीचं डाळीचं पीठ आहे की. सगळीकडं केमिकल, भाजीत केमिकल, दुधात केमिकल, आता चेहऱ्यालाही!

लॅबवाली_सक्करदरा
ताई, तेलावर डाळीचं पीठ टाकलं की गोळे होतात, अर्धे केसांच्या मुळाशी आणि अर्धे मोरीत. साबणानं काढायचं म्हटलं तर बोअरच्या जड पाण्यात साबणाचा मळ बसतो. पॉलिसॉर्बेटच्या रेणूवर विद्युतभार नसतो, म्हणून जड पाण्यातही ते काम करतं. नागपुरात बोअर वापरणाऱ्यांनी ते गाळूच नये.

आता साबणवेडीच्या बिनपाण्याच्या कृतीतल्या दोन चुका. पहिली, दुकानातल्या व्हिटॅमिन ई च्या कॅप्सूलमध्ये बहुधा टोकोफेरिल ॲसिटेट (व्हिटॅमिन ई चं बदललेलं रूप) असतं, ते बाटलीतलं तेल खवट होण्यापासून वाचवत नाही. मिश्र टोकोफेरॉल (व्हिटॅमिन ई चं न बदललेलं रूप) लागतं. दुसरी, पॉलिसॉर्बेट ८० तेलात पूर्ण विरघळत नाही. दोन दिवसांत गढूळ होतं, तळाशी थर बसतो. हलवल्याशिवाय वापरलं तर वरचं नुसतं तेल येतं आणि लोक म्हणतात, "धुतलंच जात नाही." थेंब पाण्याच्या वाटीत टाकून बघा, दुधाळ झालं पाहिजे.

साबणवेडी_धरमपेठ
कॅप्सूलचं लिहायला हवं होतं. बरं, मानलं. "हलवून वापरा" मात्र मी गृहीत धरलं होतं.

लॅबवाली_सक्करदरा
गृहीत धरलेलं वाचणाऱ्याला दिसत नाही.

केमिकल_नको_बाई
मग साधं खोबरेलच काय वाईट? शुद्ध तरी आहे.

लॅबवाली_सक्करदरा
२४ अंशांखाली गोठतं. डिसेंबरात पंप दाबत बसाल. मुरमांच्या चेहऱ्याला तर नकोच. आणि कोणतंही तेल असो, आधी कोपराच्या आतल्या बाजूला चार-पाच दिवस लावून बघा.

घाणीवाला_इतवारी
दोघींचं भाषण झालं असेल तर एक सांगा. करडी घाणीची चालते का?

साबणवेडी_धरमपेठ
चालते, वास आणि रंग सोसणार असाल तर. चार दिवस गाळ बसू द्या, वरचं तेल मलमलीतून गाळा. पेंडीचे कण राहिले तर डोळ्यांत जातात. अन् जवस गाळलेलं फडकं असेल तर घडी घालून कोपऱ्यात टाकू नका, दोरीवर पसरा.