मदत हवी आहे: गिटची सामाईक शेल फंक्शनं हाताने चालतात, हुकमधून मात्र अडतात

होटगीरोडकर

नमस्कार मंडळी,

सोलापुरात आम्ही चौघं मिळून यंत्रमाग कारखान्यांसाठी सॉफ्टवेअर करतो. चादर आणि टेरी टॉवेलवाल्यांचं बिलिंग, सुताचा आणि तयार मालाचा साठा, गाठींवर चिकटवायची लेबलं, असं काम. कोडच्या बदलांचा इतिहास गिटमध्ये ठेवतो, त्याच्या सगळ्या मिळून सहा रिपॉझिटरी (कोड आणि इतिहासाचे साठे). आमच्यात दोघांची घरची भाषा तेलुगू, एकाची कन्नड, पण कोडमधले शेरे आणि फंक्शनांची नावं मराठीत ठेवायची असं पहिल्यापासून ठरलेलं आहे. (इथे कमांडसुद्धा देवनागरीत लिहितोय, मशीनवर अर्थात सगळं रोमन लिपीत आहे.)

दोन वर्षांपूर्वी मी रोजच्या गिट कमांडसाठी ‘गिटसाथी.एसएच’ अशी एक फाइल केली. ‘मर’ म्हणजे निरोप छापून एक्झिट. ‘मुळाशी’ म्हणजे रिपॉझिटरीच्या मुळाच्या फोल्डरमध्ये जाणं. ‘स्वच्छ_का’ म्हणजे कमिट न केलेले (इतिहासात न नोंदवलेले) बदल आहेत का ते बघणं. ‘ताजं_कर’ म्हणजे चालू शाखा पुल करणं, म्हणजे तिचे नवे बदल आणणं. चौघांच्याही बॅशआरसीमध्ये (शेल सुरू होताना चालणारी फाइल) ती फाइल सोर्स होते, म्हणजे त्याच शेलमध्ये वाचली जाते. हाताने वापरताना इतकी वर्षं कधी त्रास झाला नाही.

आता अडचण. ऑफिसातल्या एका जुन्या कॉम्प्युटरवर आमची बेअर रिपॉझिटरी (नुसता इतिहास, कामाच्या फाइली नाहीत) आहे. तिथे बदल पाठवून (पुश) झाले की गिट जी स्क्रिप्ट चालवतं त्या पोस्ट-रिसीव्ह हुकने लेबलांचं फोल्डर आपोआप ताजं व्हावं, म्हणून मी हे लिहिलं:

    #!/बिन/बॅश
    . /ऑप्ट/गिटसाथी/गिटसाथी.एसएच
    सीडी /एसआरव्ही/लेबल || मर "फोल्डर नाही"
    ताजं_कर

आणि फाइलमधली फंक्शनं अशी:

    स्वच्छ_का() {
      [ -झेड "$(गिट स्टेटस --पोर्सिलेन)" ]
    }

    ताजं_कर() {
      लोकल शाखा=$(गिट सिम्बॉलिक-रेफ --शॉर्ट हेड)
      स्वच्छ_का || मर "बदल बाकी आहेत"
      गिट पुल ओरिजिन "$शाखा"
    }

त्याच फोल्डरमध्ये जाऊन हाताने ‘ताजं_कर’ म्हटलं की व्यवस्थित चालतं. पुश केलं की ही ओळ येते, तीही तीनदा:

    रिमोट: फेटल: नॉट अ गिट रिपॉझिटरी: '.'

फोल्डर तेच, फंक्शन तेच. सीडीसुद्धा (फोल्डर बदलणं) नीट होतंय, मधे पीडब्ल्यूडी (चालू फोल्डर) छापून बघितलं.

हे नुसतं कुतूहल म्हणून विचारत नाही. लेबलावरच्या निव्वळ वजनाची दुरुस्ती आम्ही पुश केली, पुश झालं असं दिसलं, ‘रिमोट’च्या ओळी कोणी वाचल्या नाहीत. अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका कारखान्यात दिवसभर जुन्याच वजनाची लेबलं छापली गेली. संध्याकाळी त्यांच्या सुपरवायझरचा फोन आला तेव्हा कळलं. बांधून झालेल्या गाठींवरची लेबलं काढून नवी लावायला आम्ही चौघं स्वतः गेलो. माणसं चांगली, एक शब्द बोलली नाहीत, त्यामुळे जास्तच लागलं.

दुसरा प्रश्न लहान आहे. आमच्याकडे नव्याने आलेल्या मुलीचं टर्मिनल मधेच बंद होतं. ‘मुळाशी’ चुकीच्या जागी चालवलं की ‘खिडकीच गेली की ओ’ म्हणत येते. मला कारण कळतं, ‘मर’मध्ये एक्झिट आहे. पण एक्झिट काढलं तर स्क्रिप्टमध्ये ते थांबणार कसं?

तिसरं, ही फाइल सहा रिपॉझिटरींमध्ये कशी वाटावी? मध्यंतरी प्रती ठेवल्या होत्या, त्यातल्या दोन कधी वेगळ्या झाल्या ते कळलंच नाही.

मार्गदर्शन करावे.

जुनामाग

हुकमध्ये सीडीच्या आधी एक ओळ टाका आणि काय छापतं ते इथे द्या:

    एनव्ह | ग्रेप गिट_

होटगीरोडकर

दोन-तीन ओळी आल्या. त्यातली एक ‘गिट_डिर=.’ अशी आहे. मी हे कुठेच सेट केलेलं नाही, चौघांनाही विचारलं.

जुनामाग

तुम्ही नाही, गिटने केलंय. हुक चालवताना गिट स्वतःच काही एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल, म्हणजे पुढच्या कमांडना मिळणारी सेटिंग, एक्स्पोर्ट करतं. हुकमधल्या गिट कमांडना आपली रिपॉझिटरी सापडावी हा त्यामागचा हेतू. पुशच्या बाजूचे हुक बेअर रिपॉझिटरीच्या फोल्डरमध्येच सुरू होतात, म्हणून तिथे गिट_डिर (रिपॉझिटरीचा पत्ता) ‘.’ म्हणजे ‘इथेच’ असतं. तुम्ही सीडी करून लेबलच्या फोल्डरमध्ये गेलात, व्हेरिएबल मात्र तसंच बरोबर आलं. आता ‘इथेच’ म्हणजे /एसआरव्ही/लेबल. गिट_डिर दिलेलं असलं की गिट वरच्या फोल्डरांत शोधत बसत नाही, दिलेल्या जागीच बघतं. तिथे हेड, ऑब्जेक्ट्स, रेफ्स असं गिटचं स्वतःचं सामान काही नाही, ते सगळं आतल्या .गिटमध्ये आहे. म्हणून ती ओळ.

टर्मिनलमध्ये हे व्हेरिएबल नसतं, म्हणून हाताने चालतं.

उपाय गिटच्या हुकविषयीच्या अधिकृत पानावरच दिलेला आहे. दुसऱ्या रिपॉझिटरीत काम करायचं असेल तर आधी ही व्हेरिएबल पुसा:

    (
      अनसेट $(गिट रेव्ह-पार्स --लोकल-एनव्ह-व्हार्स)
      सीडी /एसआरव्ही/लेबल || एक्झिट १
      ताजं_कर
    )

नुसतं ‘अनसेट गिट_डिर’ केलं तरी आज तुमचं काम होईल. पण ते करू नका. उद्या हीच फंक्शनं प्री-कमिट (कमिटच्या आधी चालणाऱ्या) हुकमधून बोलावलीत तर तिथे गिट_इंडेक्स_फाइलही सेट असू शकतं, म्हणजे इंडेक्सचा (पुढच्या कमिटसाठी निवडलेल्या बदलांच्या नोंदीचा) पत्ता, आणि मग एका रिपॉझिटरीची कमांड दुसरीच्या इंडेक्सला हात लावेल. त्यात एररही येईलच असं नाही. वरची कमांड अशा सगळ्या व्हेरिएबलची यादी देते, ती पूर्ण पुसा. बाहेरचा गोल कंस म्हणजे सबशेल. पुसणं आणि सीडी दोन्ही त्याच्या आतच राहतं, हुकचा पुढचा भाग मूळ रिपॉझिटरीतच चालतो.

पण मला खरी काळजी वाटते ती ओळ तीनदा आल्याची. ताजं_करमध्ये गिटच्या कमांड तीन आहेत. पहिली पडली तेव्हाच सगळं थांबायला हवं होतं. तिन्ही पडल्या, म्हणजे पहिल्या दोन चुका तुमच्या फाइलने गिळल्या.

पहिली अशी: ‘लोकल शाखा=$(…)’ एका ओळीत लिहिलं की हाती येणारा निकाल ‘लोकल’चा असतो, आतल्या गिटचा नाही. लोकल कायम यशस्वी. सेट -ई (चूक झाली की स्क्रिप्ट थांबवणारं) लावलं असतं तरी थांबलं नसतं. शेलचेक हे टूल नेमकी हीच चूक एससी२१५५ या क्रमांकाखाली दाखवतं. दोन ओळी करा:

    लोकल शाखा
    शाखा=$(गिट सिम्बॉलिक-रेफ --शॉर्ट हेड) || रिटर्न १

दुसरी जास्त वाईट. स्वच्छ_कामध्ये गिट स्टेटस पडलं तर एरर वेगळ्या वाटेने जाते आणि कंसात काहीच येत नाही. रिकामं आलं म्हणजे स्वच्छ, असं तुमचं फंक्शन म्हणतं. गिट नसलेल्या कुठल्याही फोल्डरमध्ये चालवून बघा, ‘स्वच्छ’ असंच उत्तर मिळेल.

    स्वच्छ_का() {
      लोकल नोंद
      नोंद=$(गिट स्टेटस --पोर्सिलेन) || रिटर्न २
      [ -झेड "$नोंद" ]
    }

आमच्या घरी जकार्डचे माग होते. कार्डातलं एक भोक चुकलं की त्या कार्डावर निघणाऱ्या प्रत्येक चादरीत त्याच जागी तीच चूक यायची, आणि वडील चादर बघायच्या आधी कार्ड बघायचे. सामाईक फाइलचं तसंच आहे, म्हणून इतकं लांबलचक लिहिलं.

होटगीरोडकर

गिट नसलेल्या फोल्डरमध्ये चालवलं. खरंच ‘स्वच्छ’ म्हणतंय. दोन वर्षं आम्ही याच फंक्शनच्या भरवशावर रिलीज काढतोय. मनापासून आभार, दुरुस्त्या करून कळवतो.

शेंगाचटणी

दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रश्नाबद्दल. फंक्शन हवंच कशाला, हे आधी बघा. सोर्स केलेलं फंक्शन तुमच्या चालू शेलमध्येच चालतं, म्हणून त्याचं एक्झिट तुमची खिडकी बंद करतं. ज्याला तुमच्या शेलचं काही बदलायचंय त्यालाच फंक्शन असण्याचा हक्क आहे. ‘मुळाशी’ सीडी करतं, ते फंक्शनच राहू दे, आत एक्झिटऐवजी रिटर्न लिहा. बाकीच्यांच्या वेगळ्या फाइली करा.

गिटची एक सोय आहे. ‘गिट-’ने सुरू होणारं नाव असलेली कुठलीही एक्झिक्युटेबल फाइल पाथमध्ये, म्हणजे शेल जिथे कमांड शोधतं त्या फोल्डरांत, असली की ती गिटची कमांड होते. ‘गिट-ताजं’ नावाची फाइल ठेवा, ‘गिट ताजं’ असं चालवा. ती वेगळ्या प्रोसेसमध्ये चालते, एक्झिट केलं तरी खिडकीला धक्का नाही. बॅशऐवजी झेडशेल हे दुसरं शेल वापरणाऱ्यांनाही चालते, कारण पहिल्या ओळीत बॅश लिहिलेलं असतं. कॅटालिनापासून, म्हणजे २०१९ पासून, मॅकवर झेडशेलच आधीपासून लावलेलं येतं. त्यांच्याकडे सोर्स केलेली बॅशची फाइल कुठेतरी अडखळतेच. मदतीचा मजकूर ‘-एच’वर द्या, ‘--हेल्प’ म्हटलं तर गिट मॅन पेज (कमांडचं माहितीपान) शोधायला जातं.

मग तिसरा प्रश्न जवळजवळ सुटतोच. गिटसाथीची स्वतःची सातवी रिपॉझिटरी करा, प्रत्येकाने ती एकदा क्लोन करायची, तिचं बिन फोल्डर पाथमध्ये टाकायचं. सहा ठिकाणी सबमॉड्यूल (एका रिपॉझिटरीत दुसरीचा ठरावीक कमिट जोडणं) लावू नका. एक ओळ बदलली की सहा ठिकाणी पॉइंटर पुढे सरकवायचा, चार माणसांना ते झेपत नाही. आम्ही करून पाहिलं, तीन महिन्यांत सोडलं.

रात्रपाळी

गिटबरोबरच ‘गिट-एसएच-सेटअप’ नावाची शेल लायब्ररी येते. थेट चालवायची नाही, स्क्रिप्टमध्ये सोर्स करायची. त्यात ‘डाय’ आहे, ‘सीडी_टू_टॉपलेव्हल’ आहे, ‘रिक्वायर_क्लीन_वर्क_ट्री’ आहे. तुमची निम्मी फाइल तिथे तयार मिळेल. वेगळ्या कमांड केल्यात तरच वापरा, तीही एक्झिट करते. आणि ट्रॅक न केलेल्या नव्या फाइली ती धरत नाही, तुमचं स्वच्छ_का धरतं. हा फरक लक्षात ठेवून निवडा.

शिवाय पोस्ट-रिसीव्ह कुठल्याही शाखेवर पुश झालं तरी चालतं. स्टँडर्ड इनपुटवर जुना कमिट क्रमांक, नवा क्रमांक आणि रेफचं (शाखेचं किंवा टॅगचं) नाव येतं, ते वाचून मुख्य शाखा असेल तरच ताजं करा. पुलला ‘--एफएफ-ओन्ली’ (शाखा सरळ पुढे सरकत असेल तरच) लावा, नाहीतर कॉन्फिगमध्ये तशी मुभा असली तर सर्व्हरवर एखाद्या दिवशी मर्ज करून ठेवेल.

होटगीरोडकर

दुरुस्त्या केल्या. जुनी ओळ गेली, नवी आली:

    रिमोट: फेटल: डिटेक्टेड ड्युबियस ओनरशिप इन रिपॉझिटरी ॲट '/एसआरव्ही/लेबल'

एक मात्र चांगलं झालं, ती एकदाच आली आणि फंक्शन तिथेच थांबलं.

जुनामाग

छान, म्हणजे आता योग्य दारात पोचलात. लेबलचं फोल्डर एका युजरच्या मालकीचं आणि पुश करणारा युजर दुसरा, असं असणार. २०२२ च्या एप्रिलमध्ये आलेल्या २.३५.२ पासून गिट दुसऱ्याच्या मालकीच्या रिपॉझिटरीत काम करायला नकार देतं, कारण तिथल्या कॉन्फिगमधून कोणीही आपल्या नावावर कमांड चालवू शकतो. आधी हे दिसलं नाही कारण गिट_डिर हाताशी असल्यावर ही तपासणी होत नाही.

नीट उपाय म्हणजे फोल्डरची मालकी हुक ज्या युजरने चालतो त्याला द्या. ते शक्य नसेल तर त्या युजरच्या ग्लोबल कॉन्फिगमध्ये तेवढाच एक पत्ता:

    गिट कॉन्फिग --ग्लोबल --ॲड सेफ.डिरेक्टरी /एसआरव्ही/लेबल

रिपॉझिटरीच्या स्वतःच्या कॉन्फिगमध्ये लिहून उपयोग नाही, गिट ते मानत नाही. आणि नेटवर ‘*’ टाका असं सांगणारे भेटतील, त्यांचं ऐकू नका.

होटगीरोडकर

चाललं! चाऊन कमांडने मालकी बदलली, सेफ.डिरेक्टरीची गरज पडली नाही. आत्ता नवीन मुलीकडूनच पुश करून घेतलं, लेबलच्या फोल्डरमधला कमिट क्रमांक सर्व्हरवर जाऊन डोळ्यांनी बघितला.

पुढे येणाऱ्यांसाठी काय केलं ते लिहितो. सातवी रिपॉझिटरी केली. ताजं आणि स्वच्छ यांच्या गिट कमांड झाल्या, मुळाशी एकटंच फंक्शन राहिलं. सहाही रिपॉझिटरींतल्या जुन्या प्रती काढल्या. काढताना दिसलं की बिलिंगमधल्या प्रतीत कोणीतरी स्वच्छ_का कधीच दुरुस्त केलं होतं, जुनामाग यांनी सांगितलं अगदी तसंच, आणि ते बाकी पाच ठिकाणी पोचलंच नव्हतं. कमिट बघितला, माझाच होता.

एक उरलं. पोस्ट-रिसीव्ह अयशस्वी झालं तरी पुश यशस्वीच दिसतं, आणि ‘रिमोट’च्या ओळी आमच्याकडे पुन्हा कोणी वाचणार नाही. ताजं करणं फसलं तर पुशच नाकारावं, म्हणून हे प्री-रिसीव्हमध्ये (पुश स्वीकारण्याआधी चालणारा हुक) हलवू का?

रात्रपाळी

नको. प्री-रिसीव्हच्या वेळी रेफ अजून हललेले नसतात, तुमचं पुल जुनाच कमिट आणेल. पोस्ट-रिसीव्हमध्येच ठेवा आणि शेवटी दोन क्रमांक ताडून बघा, पुश झालेला आणि लेबलच्या फोल्डरमधला. जुळले नाहीत तर चौघांना मेल जाऊ द्या. लेबल छापणाऱ्या स्क्रीनवर कोपऱ्यात कमिटची पहिली सात अक्षरं दाखवलीत तर कारखान्यातला माणूसही फोनवर वाचून सांगू शकेल.

होटगीरोडकर

स्क्रीनवर दाखवायचं सुचलंच नव्हतं. उद्या सकाळीच त्या कारखान्यात जाऊन लावून येतो.