जीमॅटचे ऑफिशियल प्रश्न कधी आणि कसे वापरायचे? सल्ला हवाय

रात्रपाळी_हिंजवडी

नमस्कार मंडळी,

नोकरी सांभाळून जीमॅट, म्हणजे एमबीएच्या प्रवेशाची परीक्षा, द्यायचं ठरवलंय. डोक्यात आयएसबी (हैदराबादचं बिझनेस स्कूल) आहे आणि आयआयएमचे ते एक वर्षाचे कोर्स, अहमदाबादचा पीजीपीएक्स, बंगलोरचा ईपीजीपी वगैरे. परीक्षा घेणाऱ्यांचंच ऑफिशियल गाइड आणलंय, त्यांच्या एमबीए डॉट कॉम साइटवर अकाउंट काढलंय, तिथे दोन फुकटच्या मॉक म्हणजे सराव परीक्षा दिसतायत.

आता गोंधळ असा की ऑफिसातला एक जण म्हणतो गाइड पहिल्या पानापासून सोडवत सुट, दुसरं काही लागतच नाही, आणि दुसरा म्हणतो शेवटच्या महिन्यापर्यंत गाइडला हात लावलास तर याद राख, ते प्रश्न एकदा बघितले की गेले. स्कोअर दोघांचेही दणदणीत आहेत त्यामुळे कुणाचं ऐकावं कळेना. माझं इंजिनियरिंगचं गणित बऱ्यापैकी शाबूत आहे, व्हर्बलला, म्हणजे इंग्रजीच्या भागाला, मात्र फाटते. रोज रात्री तास-दीड तास आणि शनिवार-रविवार जरा जास्त, एवढाच वेळ मिळतो. जाणकारांनी प्रकाश टाकावा.

बिनसाखरेचा_चहा

दोघंही अर्धं अर्धं बरोबर सांगतायत.

आधी हे बघ की ऑफिशियल प्रश्नांचं एवढं कौतुक का. परीक्षेत जे प्रश्न येतात त्यातले काही मार्कांत धरलेच जात नाहीत, नवे प्रश्न खऱ्या उमेदवारांवर तपासून बघायचे असतात म्हणून ते मधे पेरलेले असतात, आणि तिथे तावून सुलाखून निघालेलेच पुढे वापरतात. गाइडमधले प्रश्न म्हणजे अशाच चाचण्यांतून गेलेले, आता निवृत्त झालेले प्रश्न. त्यामुळे चुकीचा पर्यायसुद्धा उगाच भरलेला नसतो, कोण कुठे घसरणार हे बघून ठेवलेला असतो. क्लासवाल्यांचं क्वांट, म्हणजे गणित, चालून जातं, पण क्रिटिकल रीझनिंग, म्हणजे युक्तिवाद तपासायचे प्रश्न, बनवणं फार अवघड काम आहे, बाहेरच्या बऱ्याच प्रश्नांत दोन पर्याय बरोबर वाटतात आणि खरंच दोन्हीची बाजू मांडता येते. अशा प्रश्नांवर महिनाभर घासलंस की नको त्या सवयी लागतात.

म्हणून मी सांगेन की कन्सेप्ट शिकायला गाइड वापरू नकोस. टक्केवारी, रेशो, नंबर प्रॉपर्टीज, प्रोबॅबिलिटी हे सगळं दुसऱ्या कुठल्याही पुस्तकातून किंवा यूट्यूबवरून कर. एक टॉपिक झाला की त्याच टॉपिकचे गाइडमधले सोपे आणि मध्यम प्रश्न घे, तेही सगळे नाही, निम्मेच. अवघड म्हणून दिलेले सगळे आणि उरलेले निम्मे बाजूला ठेव, त्यांचे नंतर टॉपिक न बघता मिसळून, घड्याळ लावून सेट बनवायचे. व्हर्बल मात्र पहिल्या दिवसापासून ऑफिशियलच कर, थोडं कर पण तेच कर.

सांगलीची_हळद

वरच्याशी सहमत, पण माझ्या मते प्रश्न किती सोडवले यापेक्षा सोडवून झाल्यावर काय करतो तिथे सगळी मेख आहे आणि त्याबद्दल कोणी फारसं बोलत नाही. बहुतेक जण वीस प्रश्न करतात, उत्तरं ताडून बघतात, चुकलेल्यांचं एक्स्प्लनेशन वाचतात, "अरे हो की" म्हणतात आणि पुढचे वीस. हे "अरे हो की" फार फसवं असतं, वाचताना सगळंच पटतं हो.

एक डेटा सफिशियन्सीचा, म्हणजे दिलेली माहिती उत्तराला पुरते का एवढंच ठरवायच्या प्रश्नाचा, नमुना देते, मीच बनवलाय, गाइडमधला नाही.

एन ही सम संख्या आहे का?
विधान १: एनचा वर्ग सम आहे.
विधान २: ३ गुणिले एन सम आहे.

दहातले आठ जण डोळे झाकून डी टिकमार्क करतील, म्हणजे दोन्ही विधानं एकेकटी पुरेशी. पण एन पूर्णांक आहे असं कुठे म्हटलंय? एन म्हणजे वर्गमूळ २ घेतलं तर वर्ग येतो २, सम, पण एन काही सम नाही. एन दोन-तृतीयांश घेतला तर तीन पट २ येते, तीही सम, एन परत नाही. म्हणजे एकेकटं कुठलंच विधान पुरत नाही. दोन्ही एकत्र घेतली की दुसऱ्यावरून एन परिमेय ठरतो, परिमेय संख्येचा वर्ग पूर्णांक असेल तर ती संख्या स्वतःच पूर्णांक असते, आणि पूर्णांकाचा वर्ग सम म्हणजे तोही सम. उत्तर सी.

आता तुमच्या वहीत काय लिहाल? "नंबर प्रॉपर्टीज, चुकलं" असं लिहून काडीचा उपयोग नाही, कारण नंबर प्रॉपर्टीज तुम्हाला येतातच. लिहायचं असं: "प्रश्नात पूर्णांक दिलेला नसताना धरून चाललो. पुढच्या वेळी विधानांकडे जायच्या आधी पूर्णांक, धन, शून्य यातलं काय दिलंय ते बघायचं." ही ओळ पुढच्या पन्नास प्रश्नांना लागू पडते. एक्सेलमध्ये करा नाहीतर शंभर पानी वहीत, पण प्रत्येक नोंदीत पुढच्या वेळी काय बघून ओळखणार हे आलंच पाहिजे. आणि बरोबर आलेले पण ठोकून दिलेले किंवा चार मिनिटं खाल्लेले प्रश्नसुद्धा त्यात टाका, ते बरोबर धरायचे नाहीत.

अजून एक. उत्तर चुकलं हे कळलं की लगेच एक्स्प्लनेशन उघडू नका. फक्त चूक की बरोबर एवढंच बघा आणि घड्याळ बंद करून परत भिडा. दुसऱ्यांदा जमलं तर अडचण वेळेची किंवा घाईची होती, नाही जमलं तर टॉपिकची. दोन्हीचं औषध वेगळं. गाइडची क्वांटची एक्स्प्लनेशन्स तशीही लांबलचक असतात, सरळमार्गी बीजगणित मांडत बसतात, तिथे एखादा आकडा घालून बघितला तर अर्ध्या मिनिटात सुटतं. ती वाचा जरूर पण तोच एक रस्ता समजू नका.

पेठेतला_पुस्तककिडा

धागाकर्त्याने कुठलं गाइड आणलंय ते लिहिलं नाहीये. पुण्याच्या अप्पा बळवंत चौकातल्या पुस्तकबाजारातून जुनं उचललं असेल तर आधी वर्ष बघा. परीक्षा २०२३ च्या नोव्हेंबरपासून बदलली. सेंटेन्स करेक्शन (वाक्यातली चूक सुधारायचे प्रश्न) गेलं, निबंध गेला, क्वांटमधून भूमिती गेली, डेटा सफिशियन्सी क्वांटमधून उचलून डेटा इनसाइट्स या तक्ते-आलेख वाचायच्या नव्या सेक्शनमध्ये टाकलं. आता एकूण ६४ प्रश्न, क्वांट २१, व्हर्बल २३, डेटा इनसाइट्स २०, प्रत्येकाला ४५ मिनिटं. स्कोअरही २०५ ते ८०५ असा झालाय, तेव्हा कोणी काका-मामा "सातशेच्या वर पाहिजे" म्हणाले तर ते जुन्या पट्टीवरचे सातशे, आत्ताचे साधारण ६४५.

जुनं पुस्तक टाकून द्यायचं मात्र कारण नाही. रीडिंग कॉम्प्रिहेन्शन आणि क्रिटिकल रीझनिंग तेच आहे, भूमिती सोडून क्वांट तेच आहे, सरावाला स्वस्तात भरपूर माल मिळतो. फक्त सेकंडहँड पुस्तकातला ऑनलाइन प्रश्नपेढीचा कोड बहुतेक आधीच्या मालकाने वापरलेला असतो हे धरून चाला, तेवढ्यासाठी नवीन एक घ्यावंच लागतं.

रात्रपाळी_हिंजवडी

नवीनच आहे, कोडसकट. @सांगलीची_हळद ताई, मी पण डीच केलं असतं, नशीब नमुनाच होता. व्हर्बलला हेच कसं करायचं? तिथे तर आकडे घालून बघायची सोय नाही. मला एक्स्प्लनेशन वाचूनही वाटतं की माझा पर्याय काय वाईट होता.

अटलांटिकपार

व्हर्बलवर मी लिहितो, माझं मराठी मीडियम होतं दहावीपर्यंत, त्यामुळे ही भीती ओळखीची आहे.

इथे इंग्रजी कमी आणि वकिली जास्त लागते. समजा असा उतारा आहे की एका शहरात बसचं तिकीट निम्म्यावर आणलं, सहा महिन्यांत बसचे प्रवासी बरेच वाढले, म्हणून पालिका म्हणते की तिकीट उतरवल्यामुळे लोकांनी आपापल्या गाड्या घरी ठेवल्या. हा युक्तिवाद कमकुवत करा. पर्याय बघायच्या आधी थांबायचं आणि स्वतःला मराठीतच विचारायचं की पुरावा काय आणि निष्कर्ष काय. पुरावा प्रवासी वाढल्याचा, निष्कर्ष गाड्या कमी झाल्याचा. मधे पूल कुठाय? नाहीचे. आता "नव्या प्रवाशांतले बहुतेक जण आधी पायी किंवा सायकलने जायचे" हा पर्याय आला की तो बरोबर त्या फटीत बसतो. "बसगाड्या जुन्या आहेत आणि वेळेवर येत नाहीत" हा पर्याय आपल्याला भारी पटतो कारण आपण रोज तेच भोगतो, पण त्याचा या निष्कर्षाशी संबंध शून्य. "शेजारच्या शहरात तिकीट उतरवूनही प्रवासी वाढले नाहीत" हा अजून बेरकी, विषय तोच दिसतो पण इथे प्रवासी वाढलेत हे तर आधीच मान्य केलंय.

तर ऑफिशियल प्रश्नाचा रिव्ह्यू म्हणजे बरोबर पर्याय का बरोबर हे नाही, बाकीचे चारही का बाद हे एकेका वाक्यात लिहायचं, स्वतःच्या शब्दांत, मराठीत लिही काही बिघडत नाही. एक प्रश्न असा करायला दहा-पंधरा मिनिटं जातात. रात्री दीड तासात सहाच प्रश्न झाले तरी चालतील. असे साठ-सत्तर झाले की चुकीच्या पर्यायांच्या जाती ओळखू यायला लागतात, विषयाबाहेरचा, उलटा, अति टोकाचा, दुसऱ्याच प्रश्नाचं उत्तर देणारा. तेव्हा कळतं की गाइड का पुरवून पुरवून खायचं, आजीच्या बरणीतल्या मुरांब्यासारखं.

संपलंच तर एलसॅट या अमेरिकेतल्या लॉच्या परीक्षेचे लॉजिकल रीझनिंगचे जुने ऑफिशियल प्रश्न करता येतात, ती घेणाऱ्या एलसॅक संस्थेच्या लॉहब साइटवर अकाउंट काढलं की काही पेपर फुकट मिळतात. थोडे कठीण आहेत, पण क्लासच्या प्रश्नांपेक्षा कधीही बरे.

कॅटवाला_कोल्हापूर

राव, एवढं मुरवत बसलं तर स्पीड कधी येणार? कॅटला आम्ही मागच्या वर्षांचे पेपर सरळ टाइम लावून हाणायचो, तीन स्लॉट म्हणजे वर्षाला तीन पेपर, मजा होती.

बिनसाखरेचा_चहा

@कॅटवाला_कोल्हापूर तुमचा मुद्दा शेवटच्या टप्प्याला बरोबर आहे, पण दोन्ही परीक्षांची जातकुळी वेगळी. कॅटला प्रश्न सोडता येतो आणि पर्यायवाल्या प्रश्नाला चुकलं की एक मार्क जातो, म्हणून कुठला सोडायचा हेच निम्मं कौशल्य. जीमॅटला उत्तर दिल्याशिवाय पुढचा प्रश्न दिसतच नाही, निगेटिव्ह नाही पण सेक्शन अर्धवट राहिला तर जबर फटका बसतो, आणि तुम्ही कसं सोडवताय त्यावर पुढचा प्रश्न अवघड की सोपा ते ठरतं. प्रश्न बुकमार्क करून शेवटी परत येता येतं, पण उत्तरं बदलता येतात सेक्शनमागे फक्त तीन. म्हणजे सरावात हीच सवय लावायची, अडीच मिनिटं झाली आणि रस्ता दिसत नाही तर सगळ्यात बरा वाटतो तो पर्याय ठोकायचा, बुकमार्क करायचं आणि चालू पडायचं.

रात्रपाळी_हिंजवडी

मॉक कधी द्यायच्या मग? दोनच फुकट आहेत.

बिनसाखरेचा_चहा

पहिली आत्ताच देऊन टाक, आपण कुठे आहोत कळतं.

सांगलीची_हळद

मला नाही पटत. काहीच न शिकता दिलेली मॉक फक्त मन खट्टू करते, आणि आकडाही खोटा असतो कारण निम्मे मार्क फॉरमॅट माहीत नसल्यामुळे जातात. तिथे साइटवर फुकटचे सुटे प्रश्न आहेत, त्यावर फॉरमॅट बघा, दोन-तीन आठवडे बेसिक करा आणि मग पहिली द्या. रीसेट करून तीच मॉक पुन्हा देता येते, पण ओळखीचे प्रश्न परत भेटतात आणि स्कोअर फुगतो, त्या दुसऱ्या वेळच्या आकड्यावर परीक्षेची तारीख ठरवू नका. ३ ते ६ नंबरच्या विकतच्या आहेत, दुसरी फुकटची झाल्यावर त्यातल्या एक-दोन घ्या, सगळ्या लागत नाहीत.

मॉक मात्र मॉकसारखी द्या. ज्या वेळेचा स्लॉट घेणार त्याच वेळेला, दोन तास पंधरा मिनिटं, मधे एकच दहा मिनिटांचा ब्रेक, सेक्शनचा क्रम जो खऱ्या दिवशी ठेवणार तोच, फोन दुसऱ्या खोलीत. क्वांटला कॅलक्युलेटर नाही, तो फक्त डेटा इनसाइट्सला स्क्रीनवर मिळतो, तर घरीही हाताशी ठेवायचा नाही.

नाव_काय_ठेवू

टेलिग्रामवर एक जण "या महिन्याचे खरे प्रश्न" विकतोय, कोणी घेतलेत का? विचारायला काय जातंय.

पेठेतला_पुस्तककिडा

विचारायला काही जात नाही, घ्यायला जातं. २००८ साली स्कोअरटॉप नावाच्या साइटवर असलेच चालू प्रश्न फिरत होते, परीक्षा घेणाऱ्या जीमॅकने कोर्टात जाऊन साइट बंद पाडली आणि मग यादी काढून ८४ जणांचे स्कोअर रद्द केले, कॉलेजांनाही कळवलं. शिवाय ते टेलिग्रामवाले निम्म्या वेळा जुन्या गाइडचेच स्क्रीनशॉट विकतात, ते तुमच्याकडे आहेतच.

रात्रपाळी_हिंजवडी

सगळ्यांचे आभार, ताईंच्या क्रमाने जातो, मॉक तीन आठवड्यांनी. शेवटचं विचारतो, डेटा इनसाइट्सचं काय? आणि गाइड संपल्यावर तेच प्रश्न परत करण्यात अर्थ आहे का, की उत्तरं पाठ झालेली असतात?

अटलांटिकपार

डेटा इनसाइट्स पुस्तकातून करू नकोस, लॅपटॉपवरच कर, तो कोड त्यासाठीच आहे. टेबलवाल्या प्रश्नात कॉलम सॉर्ट करायचा असतो, मल्टी सोर्समध्ये टॅब बदलत वाचायचं असतं, हे कागदावर येत नाही. तू ऑफिसात दिवसभर डॅशबोर्डच बघत असशील तर तुला हा सेक्शन सगळ्यात लवकर जमेल. एक लक्षात ठेव, एका प्रश्नाचे दोन-तीन भाग असतात त्यातला एक चुकला तरी पूर्ण प्रश्न गेला, अर्धे मार्क मिळत नाहीत. मल्टी सोर्सचा संच वेळखाऊ असतो, तिथे आधी कुठल्या टॅबमध्ये काय आहे एवढंच चाळायचं, आकडे प्रश्न वाचल्यावर.

परत करण्यात अर्थ आहे, पण सगळे नाही. वहीत नोंद झालेले तेवढेच, आणि निदान महिन्याच्या अंतराने. उत्तर आठवलं तर आठवू दे, उत्तर लिहूच नकोस. क्वांटला पहिली पायरी काय घेणार तेवढी लिही, व्हर्बलला बाकीचे चार का बाद ते लिही आणि आधीच्या नोंदीशी ताडून बघ. सी आठवतंय पण बी का बाद ते सांगता येत नाही, असे जे निघतील तेच तुझे खरे राहिलेले प्रश्न.

आणि पहिल्या झटक्यात नाही जमलं तर १६ दिवसांनी परत देता येते, बारा महिन्यांत पाच वेळा. फी मात्र डॉलरमध्ये आहे, त्यामुळे दुसऱ्या वेळेसाठी एखादी न दिलेली मॉक शिल्लक ठेव.