कर्मिट, मिस पिगी आणि डिस्ने: तुमचे अनुभव लिहा

रानजाई
काल माळ्यावरची बॅग उपसली, तर तळाशी लेकीचा कापडी कर्मिट, मपेट्स या टीव्हीवरच्या बाहुल्यांतला हिरवा बेडूक. एक पाय उसवलेला. २००९ ला ऑर्लँडोत घेतला होता. आणि एकदम ते डिस्ने पार्कातलं मपेटव्हिजनचं, म्हणजे मपेट्सच्या थ्रीडी शोचं थिएटर डोळ्यापुढे आलं. दाराशीच पाटी होती, पाच मिनिटांत येतो, किल्ली पायपुसण्याखाली आहे. लेकीने पायपुसणं उचललं तर खाली खरंच किल्ली! आत बाल्कनीत ते दोन म्हातारे मपेट शेवटपर्यंत कुरकुरत होते. सासऱ्यांना इंग्रजी बेताचंच, पण हसून हसून डोळे पुसत म्हणाले, "हे तर आपल्या पारावरचे."
मपेट्सचा निर्माता जिम हेन्सन १६ मे १९९० ला गेला, त्याच्या शेवटच्या कामांपैकी हे एक. शो बरोबर वर्षाने सुरू झाला आणि डिस्नेने तो जून २०२५ मध्ये बंद केला. फार लागलं मला ते. आणि जुने भाग बघते ते त्याच कंपनीच्या ॲपवर. तुमचं काय होतं?

कोकमकढी
अगं किल्ली!! मी दोनदा गेलेय, पायपुसण्याकडे बघितलंसुद्धा नाही. आता कुठून बघणार.

चिंचगूळ
हे सिसेमी स्ट्रीटवालेच ना? आमच्याकडे त्याचंच हिंदी गली गली सिम सिम लागायचं, चमकी जाम आवडायची. ती पण डिस्नेची?

जुना_अंक
नाही, चमकी, एल्मो, बिग बर्ड सिसेमीवाल्यांचे. कर्मिट दोन्हीकडे दिसायचा म्हणून सगळ्यांचाच गोंधळ होतो. डिस्नेने कर्मिट आणि मंडळी घेतली २००४ ला. पण हिसकावली असं म्हणू नका हं कोणी. १९८९ मध्ये हेन्सन स्वतःच त्यांना द्यायला निघाला होता. तो गेला आणि व्यवहार फिसकटला. मग २००० ला एका जर्मन कंपनीकडे, २००३ ला हेन्सनच्या मुलांनी परत विकत घेतलं, आणि पुढच्याच वर्षी डिस्ने.
माझी तक्रार सांभाळण्याबद्दल आहे. २०१५ ची मालिका एका सीझनमध्ये संपली, २०२३ ची मपेट्सच्या बँडवरचीसुद्धा. रुजू तर द्या.

आईची_लेक
माझ्या मुलाला ही मंडळी २०११ च्या सिनेमामुळे कळली, त्यातल्या गाण्याला ऑस्करही मिळालं. तो सिनेमा डिस्नेनेच काढला ना? मी तरी ऋणी आहे. कुकर झाला, येते.

बोलकी_बाहुली
माझे काका शाळाशाळांतून बाहुल्यांचे खेळ करायचे. कर्मिटचा चेहरा म्हणजे आतली मूठ. बोटं जरा आवळली की तो खट्टू होतो, बाकी काही नाही त्यात. पहिला कर्मिट १९५५ ला हेन्सनने आईच्या जुन्या कोटाचा केला, डोळे पिंगपाँगच्या चेंडूचे.
हेन्सननंतर २५ वर्षांहून जास्त कर्मिट करणाऱ्या स्टीव्ह व्हिटमायरला काढल्याचं २०१७ ला कळलं तेव्हा मला काका आठवले. ते गेल्यावर चुलतभावाने एकदा पेटी उघडली, बाहुली हातात घातली, काकांच्या आवाजात बोलायला लागला. काकू उठून आत गेली. पेटी पुन्हा उघडली नाही कोणी.
नवीन कर्मिट वाईट नाही. मान वळवतो ती वेगळी वळवतो.

जुना_अंक
बोलकी_बाहुली, वाचून गलबललं. पण यशवंत पाध्यांचा अर्धवटराव रामदास पाध्यांच्या हातात बोललाच की. घरातला हात असला की जमत असेल.

बोलकी_बाहुली
हो ना. काकांनी शिकवायला हवं होतं.

कोकमकढी
जुन्या भागांतली काही गाणी गायब आहेत ॲपवर, लक्षात आलं का कोणाच्या? हक्कांची भानगड आहे म्हणे.

चिंचगूळ
डिसेंबरात आईबाबांना ऑर्लँडोला नेतोय. बाबांचे गुडघे दुखतात, तिथे व्हीलचेअर मिळते का?

आईची_लेक
मिळते, भाड्याने. सकाळी लवकर जा. मपेट्सच्या बँडला तिथलीच एक रोलर कोस्टर देणार असं २०२४ ला जाहीर झालं होतं, पण बाबांना नको बसवूस.
रानजाई, पाय आतल्या बाजूने शिव, दोरा दुहेरी घे.

रानजाई
शिवला. तसा हिरवा मिळाला नाही, पोपटी लावला. लेकीला फोटो पाठवला तर म्हणते, आई, आजच कुरिअर कर.