मदत हवी आहे: आहे त्यात समाधान कसं मानता तुम्ही?

जय ख्रिस्त सगळ्यांना. जरा लाज वाटतेय विचारायला पण विचारतेच.

आमचा टू बीएचके झाला, हप्ते अजून चालू आहेत आणि परवा नणंदेकडे वास्तुप्रार्थनेला गेलो तर तिचं मॉड्युलर किचन बघून आल्यापासून माझं लक्षच लागत नाहीये, पाळक प्रार्थना करत होते तेव्हा मी एक डोळा उघडून ट्रॉल्या मोजत होते! घरी आल्यावर रात्री दीडपर्यंत मोबाईलवर किचन चिमणीचे भाव.

बायबलमधल्या फिलिप्पैकरांस पत्राच्या 4थ्या अध्यायात प्रेषित पौल म्हणतो की आहे त्या स्थितीत संतुष्ट राहायला मी शिकलोय, आणि हे तो बंदिवासातून लिहितोय. पुढचं 13वं वचन ('मला सामर्थ्य देणाऱ्याच्या जोरावर मी सगळं करू शकतो' असं) आमच्या फ्रीजवर मॅग्नेट म्हणून आहे, मला वाटायचं परीक्षा, प्रमोशन असल्यासाठी आहे ते. नीट वाचलं तर भूक असो की भरपूर असो, दोन्हीत टिकून राहायची ताकद ख्रिस्त देतो असं आहे. म्हणजे भरपूर असतानाही शिकावं लागतंच की.

पण 'शिकलो' म्हणजे नक्की कसं? उपकारस्तुतीची वही (रोज देवाचे आभार लिहायची) लिहून बघितली, चौथ्या दिवशी त्याच वहीत किचनचं माप टाकलं (खरंच).

मिस्टर म्हणतात इच्छा असणं पाप नाही, पटतं मला, पण मग रेघ कुठे मारायची? कुणी रोजच्या जगण्यात काय केलं ते सांगा प्लीज, नुसती वचनं नकोत, ती पाठ आहेत.